तीन आठवड्यांचा फरक

विनी एकेचाळीस दिवसांची झाली, तेव्हा कुठे आम्ही तिची नोंद करायला हॅलिफॅक्सला निघालो. मुदत बेचाळीस दिवसांची. रॉझ रोज म्हणायची, उद्या जाऊ. मी म्हणायची, उद्या थोडं झोपू. दोन्ही राहून गेलं.

खरं तर आम्ही तो प्रश्न टाळत होतो. मी विनीला पोटात वाढवलं, आणि ते नऊ महिने मला रॉझनं वाढवलं. पण कागदावर तिचं नाव दुसरी आई म्हणून लागायला, गर्भ राहिला तेव्हा आमची नागरी जोडीदारी, म्हणजे कायद्यानं लग्नासारखंच नातं, नोंदलेली असायला हवी होती. ठरलं होतं मार्चमध्ये. पण त्या दिवसांत मेंढ्या वितात, आणि रॉझचे वडील क्लिफर्ड त्या काळात स्वतःच्या लग्नालाही गोठा सोडून आले नसते. "एप्रिल संपताना करा, पोरींनो," ते म्हणाले. आम्ही मानलं. मधल्या काळात ग्रॅहम या मित्राच्या मदतीनं, घरच्या घरी, बिनसुईच्या पिचकारीनं एकदा प्रयत्न करून पाहिला. पहिल्याच खेपेला कुणाला दिवस जातात? मला गेले. सह्या व्हायच्या तीन आठवडे आधी.

"विचारलं तर मी मे महिना सांगणार," बसमध्ये मी म्हटलं.

"साडेआठ पौंडांची पोर, आणि महिनाभर आधी झाली?" रॉझ म्हणाली. "दिवस भरले असते तर चालतच बाहेर आली असती म्हणायची."

"हसवू नकोस गं, टाके ओढतात."

खोटं सांगणं गुन्हा आहे, हे दोघींना माहीत होतं. मला आता गुन्ह्याचंही काही वाटेनासं झालं होतं.

नोंदणी करणाऱ्या होलरॉइडबाईंनी आमच्या जोडीदारीची तारीख लिहून घेतली : सव्वीस एप्रिल. मग चष्म्यावरून पाहिलं. "गर्भ राहिला तेव्हा जोडीदारी झालेली होती?"

मी तोंड उघडलं.

"नव्हती," रॉझ म्हणाली.

"रॉझ!"

"नव्हती गं, टेस. उद्या तुला काही झालं, किंवा आपलंच बिनसलं, तर कुणीतरी बोटांवर महिने मोजेल. मोजून खोडता येईल असं नाव मला नको."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग दुसऱ्या आईचा रकाना मला भरता येणार नाही. ज्यांची मदत घेतलीत ते इथं येऊन सही करणार असतील, तर वडील म्हणून त्यांचं नाव लागेल."

"ग्रॅहमचं?" रॉझ म्हणाली. "त्याला स्वतःचं मांजर सांभाळता येत नाही हो."

हसलं कुणीच नाही. जोडीदारीनं रॉझला माझ्या घरात, पेन्शनमध्ये, माझ्या मरणानंतरच्या कागदांत जागा दिली होती. मी कफल्लक झाले तर मला पोसायची जबाबदारीसुद्धा. फक्त तिच्या खांद्यावर झोपलेल्या पोरीवर तिचा काडीचा हक्क नव्हता.

"मुलगी तुमच्याकडे सहा महिने राहिली की दत्तक घेता येईल," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "तोवर पालक-जबाबदारीचा करार करून टाका. कोर्टात, दोघींच्या सह्यांनी."

"माझ्याच घरात सहा महिने राहिली की," रॉझ म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "कर सही. पोर उठेल."

मी केली. एकटीनं.

पुढच्या मंगळवारी ब्रॅडफर्डच्या कोर्टात तासभर बसलो. फॉर्मवर रॉझसाठी छापील शब्द होता : सावत्र पालक. तो तिनं दोनदा वाचला. वाटलं, आता चिडेल. तिनं कारकुनाकडून पेन मागून घेतलं, सही केली आणि शाई वाळेपर्यंत कागद धरून ठेवला.

"आता तिला ताप आला तर डॉक्टर तुलाही विचारतील," बाहेर आल्यावर मी म्हटलं.

"हं." बाकावर पोरीचा लंगोट बदलताना तिनं वर पाहिलं नाही. "जुलैत दत्तकासाठी समाजसेविका घर बघायला येईल. जिन्याची ती हलणारी फळी ठोकायला हवी."