नवव्या ओळीतले काचेचे कौल

मित्रांनो, मी काचेचे एक जुने कौल आहे. मातीच्या हजारभर कौलांमध्ये काचेचे मी एकटेच, त्यामुळे थोडे शिष्ट आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म भट्टीत झाला. वाळू वितळून मी पातळ झाले, साच्यात पडले आणि मग मला अगदी सावकाश निवू दिले. काचेच्या बाबतीत घाई चालत नाही, लगेच तडा जातो. त्या कोमट अंधारात मी किती वेळ पेंगत होते कोण जाणे. ती पेंग अजून पुरती उतरलेली नाही. बोलता बोलता माझा डोळा लागला तर रागावू नका.

पुढे मला एका जुन्या वस्तीत, अरुंद रस्त्याकडच्या छपरावर, खालून नवव्या ओळीत बसवले. माझी एक बाजू आभाळाकडे आणि दुसरी खोलीकडे. वरून ढग जायचे आणि खाली एका मोठ्या टेबलावर माझा उन्हाचा तुकडा सरकत राहायचा. सकाळी तो कात्रीवर असे, दुपारी कापडावर आणि संध्याकाळी भिंत चढून निघून जाई. ढग कुठला आणि कापड कुठले, हे मला कधी कधी कळतच नसे.

त्या टेबलाशी रफूमावशी बसायच्या. आधी तिथे त्यांच्या सासूबाई बसत, आणि मला बसवून घेतले ते त्यांनीच. कोटाला पडलेले भोक मावशी असे भरायच्या की ते मालकालाही सापडू नये. काम सोपे नाही बरं का. आधी विणीचे धागे मोजायचे, मग त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे आणि एकेक करून वर-खाली ओवत जायचे. सगळी वस्ती मावशींच्या हाताचे कौतुक करी. माझे कौतुक मात्र फक्त मावशीच करत. "दिव्याखाली काळं आणि निळं सारखंच दिसतं. माझं सगळं काम या कौलाच्या जिवावर," असे त्या गिऱ्हाइकांना सांगायच्या आणि मी वर उगाच ताठ व्हायचे.

पण छप्पर म्हातारे झाले. माझ्यावर शेवाळ चढले, कबुतरांनी आपला कारभार केला आणि उन्हाचा तुकडा मळकट पडला. मावशींनी चष्मा बदलला, टेबल पुढे ओढून पाहिले. मला पुसायला वर कोण चढणार? शेवटी खालच्या लाकडी पट्ट्या कुजून छप्पर वाकले आणि ते नव्याने घालायचे ठरले.

मिस्त्री आले. ते प्रत्येक कौल कानाशी धरून बोटाने वाजवत, म्हणून सगळे त्यांना टकटक म्हणत. खणखणीत वाजले ते ठेवायचे, बद्द वाजले ते टाकायचे. चांगली जुनी कौले रस्त्याच्या बाजूला लावायची आणि नवी मागे, म्हणजे वस्तीचा चेहरा बदलत नाही. मला वाजवले आणि ते हसले. "हे तर गातंय की! मावशी, सांभाळून ठेवा."

असे मी पहिल्यांदाच खोलीत आले, त्याच टेबलावर, मावशींच्या समोर. वर छप्पर नव्हते, नुसती निळी ताडपत्री होती. त्या उजेडात सगळी खोली मला पाण्याखाली असल्यासारखी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी जुन्या वास्तूंच्या जतन कार्यालयाच्या मॅडम आल्या. या वस्तीतल्या घराला हात लावायचा तर त्यांची सही लागते. मनाने चांगल्या, पण नियमाला पक्क्या. त्यांनी छपराचा जुना फोटो मोठा करून आणला होता.

"रस्त्यावरून जे दिसतं ते या फोटोसारखंच हवं," त्या म्हणाल्या. "यात काचेचं कौल नाही. ते नंतर कुणीतरी घुसवलंय. तिथे मातीचं लावा."

"अहो, हे माझ्या सासूबाईंच्या काळापासून आहे!" मावशी म्हणाल्या. "खिडकीसमोर हातभर अंतरावर भिंत. मग मी काम कुठे करू?"

"मला कळतंय हो मावशी. पण तोंडी सांगण्यावर सूट दिली, तर उद्या सगळी गल्ली माझ्या दारात येईल."

टेबलावर एक कोट अर्धवट भरलेला होता. एवढा पुरा करून सुई ठेवून देते, असे मावशी टकटकना म्हणाल्या. मला भंगारात जायची भीती होतीच, पण खरे सांगते, त्या सुईचे मला जास्त वाईट वाटले.

मॅडम फोटो गुंडाळू लागल्या तेव्हा मावशींनी तो मागून घेतला. सवयीने उजेडात धरला आणि सवयीनेच नखाने ओळी मोजू लागल्या. नख नवव्या ओळीवर थांबले.

"मॅडम, इथे कुणीतरी रफू केलंय."

"फोटोला?"

"हे बघा ना. या कौलाचा कोपरा उडालाय. शेजारच्याचाही तोच कोपरा, अगदी तेवढाच. दोन कौलं अशी जुळी फुटतात होय? शेजारचं उचलून इथे भरलंय कुणीतरी. मीही तेच करते, पण असं दिसू देत नाही!"

टकटक खो खो हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फोटो डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि तडक कार्यालयात परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तळहाताएवढा मूळ फोटो घेऊन आल्या. त्यात नवव्या ओळीत एक पांढरा ठिपका होता. फोटो मोठा करताना कुणाला तो डाग वाटला आणि त्याने तो मोठ्या निगुतीने पुसून टाकला होता. डाग कसला, मित्रांनो! ऊन अंगावर घेऊन चमकणारे ते मी होते. आयुष्यात पहिल्यांदा मी स्वतःला पाहिले, मोहरीएवढे. मला रडू आले असते, पण काचेला ते जमत नाही.

"चुकलं आमचं," मॅडम म्हणाल्या आणि कागदावर त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिले: नववी ओळ, काचेचे कौल, जागेवर ठेवावे.

टकटकनी मला घासूनपुसून लख्ख केले आणि नव्या पट्ट्यांवर बसवले. ताडपत्री निघाली. उन्हाचा तुकडा टेबलावर उतरला. मावशींनी लगेच काम धरले नाही. दोन्ही हात त्या उन्हात ठेवून त्या नुसत्या बसून राहिल्या. मग डोळे पुसले आणि कोट पुढे ओढला.

मित्रांनो, मला फोटोतून पुसणाराही फोटोची काळजीच घेत होता. म्हणून माझे एवढेच मागणे आहे. जुन्या वास्तूवरचा डाग काढण्याआधी तिथे राहणाऱ्या माणसाला एकदा विचारा. आणि वर्षातून एकदा तरी शिडी लावून आम्हाला पुसत जा. खाली कुणीतरी सुईत दोरा ओवत असते.