झाकणाखालचा ओढा

बस पेंटर, ब्रश ठेव खाली. त्या नकाशाला हात लावायच्या आधी एक गोष्ट ऐक. चहा गार व्हायच्या आत सांगून संपवतो.

मी जन्मभर गटारं उपसली. चेंबरात उतरायचं, गाळ काढायचा, वर यायचं. शनिवारी संध्याकाळी इथं ग्रंथालयात फुकट व्याख्यानं असायची. आपल्या भागातली झाडं, पाखरं, जुन्या विहिरी, जुने लोक. बोलायच्या एक रिटायर शिक्षिका, सगळे त्यांना बाईच म्हणायचे. मी दोनदा अंघोळ करून जायचो, तरी दाराजवळच बसायचो. बायको बजावायची, "काय ऐकायचं ते ऐका, पण तोंड उघडू नका. काम कळलं तर शेजारची खुर्ची रिकामी होईल."

एकदा बाईंनी हाच नकाशा टांगला. निळी रेघ बाजारापाशी थांबलेली, पुढं त्यांच्या हातचं लिहिलेलं, 'बुजला'. म्हणाल्या, "बाजार झाला आणि आपला ओढा संपला."

माझ्या तोंडून निसटलंच, "संपला कुठं बाई? परवाच त्यात उभा होतो मी!"

हशा पिकला. पुढच्या रांगेतले वकीलसाहेब म्हणाले, "बसा काका, गटार असेल ते."

"गटारातच उतरतो मी. पण बाजारातल्या बेकरीमागच्या चेंबरात एका अंगानं गार, नितळ पाणी येतं. भर उन्हाळ्यातसुद्धा. खेकडे असतात त्यात."

शेजाऱ्यानं खरंच खुर्ची सरकवली, बघ. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी उठलोच.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मला दाखवा."

व्याख्यान अर्धवट टाकून निघाल्या. मागं अख्खी सभा. सत्तरीच्या बाई, इस्त्रीच्या कपड्यांत, बेकरीमागं रस्त्यावर गुडघे टेकून बसल्या आणि झाकणाला कान लावला. किती तरी वेळ तशाच. मग म्हणाल्या, "वकीलसाहेब, वाका जरा."

वकील वाकले. उठले ते मागच्यांना म्हणाले, "वाहतंय खरं."

परत आल्यावर बाईंनी सगळ्यांसमोर 'बुजला'वर काट मारली. "तीस वर्षं चुकीचं सांगत होते मी." अन् पेन माझ्या हातात दिलं. "पुढची रेघ तुम्ही काढा."

दुसरीत शाळा सुटलेला माणूस मी. फावड्यानं चर सरळ काढायचो, पेनानं रेघ वाकडी गेली, पण बेकरीपर्यंत नेली. पुढच्या शनिवारी पहिल्या रांगेत बसवलं मला, बायकोसकट. ती कोपरानं ढोसत होती, "अहो, बोला की काहीतरी!"

गेल्या महिन्यात बाई गेल्या. आता ग्रंथालयवाल्यांना नकाशा स्वच्छ करून हवाय. कर बाबा. डोंगर हिरवे कर, रस्ते सरळ कर. फक्त ती काट आणि तिच्यापुढची वाकडी रेघ, तेवढ्यावर रंग चढवू नकोस.