पुढच्या चाकाविना

मित्रांनो, मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे. पण चालते ती दोनच चाकांवर. हसू नका. हसणाऱ्यांचे नमुने मी इंदूरच्या रस्त्यांवर भरपूर पाहिले आहेत, आणि त्यांतल्या एकाच्याही साखळीला वेळेवर तेल नव्हतं.

माझा जन्म सांवेर रोडवरच्या एका वेल्डिंगच्या शेडमध्ये झाला. छत्रीबागेतले लक्ष्मीकांतराव मशीन ड्रॉइंग शिकवून निवृत्त झाले होते. त्यांनी दोन सारख्या सायकली करवून घेतल्या: पुढे एक चाक, मागे दोन, आणि आरामखुर्चीसारखी बैठक. तिच्यात रेलायचं आणि पाय पुढे पसरून पॅडल मारायचं. त्यांच्या पत्नीची, वसुधाताईंची, नजर हळूहळू गेली होती. म्हणून त्यांनी माझं पुढचं चाक काढलं, चाक धरणारा माझा चिमटा पुढच्या सायकलीच्या पाठीशी केलेल्या जोडात बसवला आणि एक जाड पिन घातली. वळायचं कुठे, थांबायचं कुठे, हे पुढच्याने ठरवायचं. मागच्याने जोर लावायचा. मला त्यात कमीपणा वाटला नाही. पुढचं चाक गेल्याचं दुःख ज्यांना होतं, त्यांना चालण्यापेक्षा मिरवण्याची हौस असते.

रविवारी सकाळी आम्ही राजवाड्यापर्यंत जायचो. लक्ष्मीकांतराव पुढून सांगत राहायचे, "खड्डा येतोय... पोहेवाल्याची गर्दी... हं, आता मार जोर!" कौतुकाला तोटा नव्हता. "काकाजी, ये तो हवाई जहाज है!" असं ओरडणारा माणूस फोटो काढायचा आणि मधोमध उभा राहून वाटही अडवायचा. खंडेनवमीला घरातल्या जुन्या तलवारीशेजारी माझीही पूजा व्हायची. लक्ष्मीकांतराव आधी बेअरिंगमध्ये ग्रीस भरायचे, मग हळदकुंकू. नातेवाईक नुसतंच हळदकुंकू लावायचे, तेही ब्रेकच्या तारेवर.

मागच्या हिवाळ्यात लक्ष्मीकांतराव गेले. तेराव्याला आलेल्या मंडळींनी माझ्यावर ओले टॉवेल वाळत घातले आणि आत जाऊन म्हणाली, "काकांचा फार जीव होता हो त्या सायकलींवर!" त्यानंतर माझ्या बैठकीवर कुंड्या आल्या, रद्दी आली. साखळी गंजली. येणारे-जाणारे माझ्याकडे बघून उसासे मात्र न चुकता टाकत. उसाशाने गंज निघत असता, तर मी आरशासारखी चमकले असते.

मग बाहेरगावी नोकरी करणारा मुलगा अच्युत आला. त्याची योजना तयार होती. बाबांची सायकल बैठकीच्या खोलीत, भिंतीवर, आठवण म्हणून. मी विकायला. मी सुटी उभी राहावी म्हणून त्याने कुंड्या-रद्दी उतरवली, माझं पुढचं चाक शोधून बसवलं आणि शहराबाहेर बेटमा गावाकडे रिसॉर्ट असलेल्या ऋषभला बोलावलं.

"भिया, एकदम झक्कास पीस है," ऋषभ माझ्याभोवती फिरत म्हणाला. "गार्डनमध्ये लावतो. पब्लिक बसून सेल्फी घेईल. चालवायची तर गरजच नाही."

चालवायची गरजच नाही! मित्रांनो, लोखंडालाही ओकारी येऊ शकते.

आवाज ऐकून वसुधाताई खाली आल्या. त्यांचा हात माझ्या बैठकीवरून पुढे सरकत गेला आणि चाकाशी थांबला.

"हे काय बसवलंस, अच्युत?"

"तुझं पुढचं चाक, आई. आता सुटी चालेल ही."

"आणि चालवेल कोण? मी? थेट खान नदीत?"

"तू कशाला चालवशील आता? बाबाच नाहीत तर..."

"ते गेले. माझे पाय नाही गेले."

त्यांची मुलगी उर्वी इतका वेळ जिन्यात उभी होती. ती आत गेली आणि पाना घेऊन आली. तिने माझं चाक काढलं, मला जोडात बसवलं, पिन घातली आणि पुढच्या सायकलीवर जाऊन बसली. पाय पॅडलपर्यंत पोचेनात. पॅडलची नळी आत सरकवायला हवी होती. तिने बोल्टला पाना लावला आणि ती थांबली.

"त्याला हात नको लावू," अच्युत म्हणाला. "ते बाबांचं माप आहे."

त्या बोल्टवर गंज चढत होता, तेव्हा हे माप कुणाला आठवलं नव्हतं.

वसुधाताईंनी चाचपत उर्वीचा हात धरला. "का थांबलीस?"

"एकदा हलवलं की परत नेमकं तिथे येणार नाही, आई."

"न येऊ दे. ते त्यांच्या पायांचं होतं. आता तुझ्या पायांचं हवं. फिरव."

बोल्ट करकरला. नळी चार बोटं आत गेली. वसुधाताई माझ्या बैठकीत येऊन रेलल्या.

"तो मैं चलूं?" ऋषभने विचारलं.

"निघा," वसुधाताई म्हणाल्या. "आणि फाटक उघडं ठेवा. आम्हालाही निघायचंय."

उर्वी फार वाईट चालवते. तिने आम्हाला आधी भिंतीला घासलं, मग चिखलात घातलं.

"खड्डा, आई!"

"आत घालून सांगतेस? आधी सांगावं!"

पुढच्या वळणावर उर्वी गप्प झाली. तिचे खांदे हलत होते.

"बोलत राहा," वसुधाताई मागून म्हणाल्या. "तू गप्प बसलीस की मला काहीच दिसत नाही."

"डावीकडे किराण्याचं दुकान," उर्वी म्हणाली. "पुढे गाय बसलीये... आता मार जोर."

वसुधाताईंनी असा जोर मारला की माझा सांगाडा कण्हला.

मित्रांनो, भिंतीवर टांगायचाच असेल तर फोटो टांगा. गेलेल्या माणसाची वस्तू आपल्या मापाची करून घेण्यात त्याचा अपमान नसतो. ती कोपऱ्यात गंजू देण्यात असतो. बाकी, उपदेश ऐकून माना डोलवण्यात तुम्ही पटाईत आहात, हे मला ठाऊक आहे. तेव्हा उठा आणि एक फडकं आणा. माझ्या चाकांचा चिखल ओला आहे तोवर पुसा. वाळला की तुम्ही तो नखाने खरवडता आणि वर म्हणता, जुनी वस्तू, रंग उडणारच.