फिरलेलं भिंग

"खालची ओळ वाचा," डोळे तपासणारी मुलगी म्हणाली.

थोरल्या जाऊबाईंनी ती घडाघडा वाचली. आधी धाकट्या जावेने मोठ्याने वाचलेली अक्षरं त्यांच्या कानात ताजी होती. डोळ्यांना मात्र प्रत्येक अक्षराला तिरकी सावली फुटलेली दिसत होती.

"दोघींचंही झकास!" मुलगी म्हणाली. धाकटी हसली. ते हसणं थोरलीला झोंबलं.

दोघी जावा एकाच दुकानात कपडे शिवायच्या. मोतीबिंदूही दोघींना बरोबरच झाला. त्यात दोघींना तिरपा नंबर, म्हणून ऑपरेशनात भिंगही एकाच जातीचं बसवलं, ठरल्या कोनात राहिलं तरच नीट दाखवणारं. ते डोळ्यात फिरलं तर लगेच या, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काय झालंय ते थोरलीला कळत होतं. पण फिरायचं तर नेमकं आपलंच? सासूची लाडकी हीच होती. हिचा नवरा अजून हिच्या शब्दाबाहेर नाही, आपला तर कधीच गेला. आता डोळेही हिचेच चांगले! हिच्यासमोर कबूल करण्यापेक्षा आंधळं झालेलं परवडलं.

"जाऊबाई, एका फटक्यात दोरा ओवला बघा!"

"कौतुक पुरे. बाही लाव."

एका दुपारी थोरली जेवून लवकर परतली, तर थोरलीनेच सकाळी शिवलेली कॉलर धाकटी उसवत बसली होती.

"माझी शिवण उसवतेस?"

धाकटी दचकली. "टीप वाकडी गेलीय हो. गिऱ्हाईक तुम्हाला बोललं असतं."

"आजच उसवतेस, की रोज?"

धाकटीने उसवलेले दोरे मुठीत गोळा केले. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हसली असशील मनातल्या मनात."

"हसू कशाला? मला मशीनवर बसायला शिकवलं कुणी?" धाकटीने कात्री खाली ठेवली. "डोळा दाखवून या, जाऊबाई. मी नाही येत बरोबर. एकट्याच जा."

हे शेवटचं वाक्य थोरलीला सगळ्यात जास्त लागलं. म्हणजे पाठ करून वाचलेली ओळही हिने ओळखली होती!

डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली आणि भिंगावरच्या बारीक खुणा पाहिल्या. "चांगलंच फिरलंय. इतके दिवस काय करत होता? आता ते तिथेच चिकटायला लागलंय."

"वाचता येत होतं," थोरली पुटपुटली.

भिंग पुन्हा फिरवून जागेवर आणताना डॉक्टरांना बरीच खटपट करावी लागली. पण अक्षरांची सावली गेली.

ती पुन्हा दुकानात बसायला लागली, तेव्हा एक बाई मुलीचा तयार फ्रॉक न्यायला आली. गळ्यावरून बोट फिरवत म्हणाली, "थोरल्या बाईंचा हात तो! दुसऱ्या कुणाला जमायचं नाही."

थोरलीने फ्रॉक हातात घेतला. आता टाका न् टाका वेगळा दिसत होता. सगळे सारखे, कुठे ओढ नाही, कुठे चुणी नाही. इतकी वर्षं धाकटीच्या या कामाला ती 'चालेल' एवढंच म्हणत आली होती. पोटात जुनी आग पुन्हा भडकली. नुसतं हसून मान डोलावली असती तरी भागलं असतं.

"माझा नाही," ती म्हणाली. "हिचा आहे."

मागचं मशीन थांबलं. थोरलीने वळून पाहिलं नाही. फ्रॉकची नीट घडी घालून तिने तो बाईंच्या हातात दिला आणि पुढचं कापड ओढून घेतलं.