ङ चं टिंब

मला अर्थ विचारायची सवय नव्हती. चाळीस वर्षं सोलापूरच्या टॉवेलांची डिझाइनं ग्राफपेपरवर काढणाऱ्या माणसाने कुणाला काय विचारायचं? आमचे मालक गुरुशांत फोनवर म्हणाले, "मास्तर, परदेशी ऑर्डर हाय. लग्नात वाटायचे टॉवेल. टांगन डिझाइन पायजे." मी टांगा काढला. घोडा, चाबूक, बाजूचे दोन दिवे. माझे वडील स्टेशनवर टांगा चालवायचे, त्यामुळे चाकाचा एक आराही चुकला नाही. चुकला तो अर्थ.

नमुना विणून आला तेव्हा ऑफिसातली राजनंदिनी हसू दाबत म्हणाली, "मडिवाळप्पाकाका, ते टोंगन आहे. पॅसिफिक महासागरात टोंगा नावाचा देश आहे. तिथला माणूस टोंगन, त्याची भाषा टोंगन, तिथली नक्षीही टोंगन. आपलं सोलापुरी म्हणतो ना, तसं."

"मग तसं सांगायचं की," मी म्हणालो. पण तोंड उतरलं होतं.

मालक हसले नाहीत. "ऱ्हाऊ द्या मास्तर. नवा नमुना राजनंदिनी कॉम्प्युटरवर करंल. त्यो पास झाला की फुडची समदी डिझाइनं तितंच."

म्हणजे माझं टेबल गेलं. फार लागलं मनाला, खोटं कशाला बोलू.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक बाई कॉम्प्युटरच्या पडद्यावर आल्या. त्यांना टॉवेलच्या काठावर आपल्या देशाचं नाव हवं होतं, तेही आमच्या लिपीत. मी मागे उभा होतो. इंग्रजी कळत नव्हतं, पण कान शाबूत होते. बाई टोंगा म्हणतच नव्हत्या. त होता तव्यातला, आणि शेवटी ग नव्हताच, नुसता नाकातला आवाज.

"पोरी, ग काढ," मी म्हणालो. "वाङ्मयातला ङ घाल. तोङा."

लहानपणी आजोळी, मैंदर्गीच्या कानडी शाळेत गुरुजींनी कान पिळून हे अक्षर घोटून घेतलं होतं. उभ्या जन्मात त्याचा उपयोग झाला नव्हता. राजनंदिनीने तसं म्हणून दाखवलं तेव्हा बाई पडद्यावर पुढे सरकल्या आणि तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, पण काम राजनंदिनीकडेच राहिलं.

चार दिवसांनी तिचा नमुना मागावरून उतरला. रंग सुरेख, नक्षी सुरेख. मालक पार्सल बांधायला सांगणार, तेवढ्यात मी टॉवेल खिडकीशी नेला. कॉम्प्युटरवर ङ ला टिंब होतं, पण टॉवेलच्या दाट धाग्यांत ते बुडालं होतं.

"मालक, काठ वाचा."

"तोडा," मालकांनी वाचलं.

"लग्नात वाटायचे हायत न्हवं?"

मालकांनी पार्सल थांबवलं. राजनंदिनीने हळूच विचारलं, "काका, टिंब केवढं ठेवू?"

"सहा धाग्यांचं. आन् अक्षरापासनं दोन धागे लांब, न्हायतर परत बुडंल."

मालकांनी कपाटातून ग्राफपेपर काढला आणि स्वतः माझ्या टेबलावर आणून ठेवला. "मास्तर, आदी तुमी हितं काढा. मग ती कॉम्प्युटरवर घेईल. फुडचंबी असंच."

मी पेन्सिलीला टोक केलं, टॉवेल राजनंदिनीसमोर पसरला आणि बोट ठेवून विचारलं, "आता सांग, ह्या नक्षीचा अर्थ काय हाय?"