डोंगराचा उलटा गाल

आमच्या दुकानात गोधडीचं कापड मिळतं, दुसरं काही नाही. कुणी पायजम्याचं कापड मागितलं की मालकीणबाई त्याला पलीकडच्या गल्लीचा रस्ता दाखवतात, आणि तो गेल्यावर म्हणतात, बिचारा. माझं काम कापण्याचं. लांब टेबल, त्याच्या कडेला ठोकलेली पितळी पट्टी आणि माझी कात्री. त्या कात्रीनं कागद कापायचा नाही हे मालकीणबाईंच्या यजमानांनाही ठाऊक आहे. त्यांनी एकदा कापला होता. तेव्हापासून ते दुकानात खाकरून येतात.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. एक बाई मुठीत दोऱ्याचा तुकडा धरून येतात आणि अगदी असाच निळा हवा म्हणतात. मूठ उघडतात तर घामानं त्याचा रंगच बदललेला. कुणी कापड गालाला लावून बघतं. कुणी सुंदर कापड नेतं, कापायचा धीर होत नाही म्हणून कपाटात ठेवतं, आणि मग त्याला एकटं वाटू नये म्हणून दुसरं न्यायला येतं. या शेवटच्या लोकांच्या जिवावर आमचं दुकान चालतं.

मागच्या भिंतीवर मालकीणबाई चित्रांच्या गोधड्या लावतात. पांघरायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या. आधी मीही नाक मुरडायची. मग एकदा तिथं पावसात भिजणारी सायकल आली. खालचा रस्ता इतका ओला दिसत होता की मी हात लावून बघितला. कोरडा. चार चिंध्यांनी मला फसवलं याचा राग यायला हवा होता. उलट जेवायच्या सुट्टीत मी पुन्हा जाऊन फसून आले.

घरी मी आणि वन्सं, दोघीच. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. नवरा गेला, दीर-जावा पांगल्या, आणि एकमेकींच्या वाट्याला आम्ही दोघी उरलो. वन्संनी जन्मभर गोधड्या शिवल्या. त्यांचा टाका असा की वरून मुंगी चालली तरी तिला ठेच लागू नये. मी सायकलीचं कौतुक सांगितलं ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भिंतीला थंडी वाजते का?"

थंडी सुरू झाली की दुकानात चित्रांच्या गोधड्यांचं प्रदर्शन असतं. यंदा तुमचंही एक लागू दे, असं मालकीणबाई मला म्हणाल्या आणि माझी झोप उडाली. काय काढायचं? समोर असेल ते काढावं म्हटलं, तर सुट्टीच्या दुपारी माझ्यासमोर एकच गोष्ट असते. वन्सं आरामखुर्चीत मान मागं टाकून झोपतात, तोंड सताड उघडं. बाजूनं बघितलं तर कपाळ, नाक, हनुवटी अशी ओळ लागते, की बघत राहावं. मी खडूनं तेवढंच उतरवून घेतलं.

कापड घरचंच घेतलं. वन्संचा जुना तपकिरी कोट फडकी करायला काढला होता, त्याची मान आणि कपाळ झालं. गालाला पडद्याचा गुलाबी तुकडा घेतला. पण त्याची सुलटी बाजू फारच भडक, जत्रेला निघाल्यासारखी. उलटी बाजू मात्र फिकट, मऊ, थेट झोपेतल्या गालासारखी. तीच वर लावली. हनुवटीवरची चामखीळ सोडवेना, म्हणून काळ्या दोऱ्याची एक गाठ मारली. दुकानातच, जेवायच्या सुट्टीत शिवत राहिले. झालं तेव्हा मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि मला दोन गोष्टी कळल्या. एक, हे चांगलं झालंय. दोन, माझी आता धडगत नाही.

वन्संचा राग आरडाओरड्याचा नाही, अबोल्याचा. मागं एकदा मी त्यांच्या उशीला माझी खोळ घातली, तर अख्खा उन्हाळा त्या माझ्याशी मांजरामार्फत बोलल्या. "मनी, हिला सांग, दूध उतू जातंय." मनी बापडी माझ्याकडे बघायची. हसू येतं, पण घरात दोनच माणसं असली आणि त्यातलं एक गप्प झालं, की घर फार मोठं होतं. तसा एक हिवाळा काढायची माझ्यात ताकद नव्हती. आणि गोधडी मागं घ्यायचीही नव्हती.

म्हणून मी तोड काढली. खालच्या चिठ्ठीवर मी माझ्या हातानं लिहिलं: 'डोंगर आणि गुहा'.

लोकांनी तो डोंगर आनंदानं मानला. घड्याळं दुरुस्त करणारे एक गृहस्थ आमच्याकडे नेहमी येतात, फावल्या वेळात घरांच्या चित्रांच्या गोधड्या शिवतात. ते तर त्या गुहेपुढून हलेनात. केवढी खोली दाखवलीय म्हणाले. आतला अंधार कशाचा, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, जुन्या छत्रीचा.

वन्सं येण्याचा प्रश्नच नव्हता. बघायच्या गोधड्या बघायला त्या उंबरा ओलांडणार नव्हत्या. पण पहिल्याच दिवशी गडबडीत मी चष्मा घरी विसरले, आणि चष्म्याशिवाय ही बाई कापडाऐवजी बोट कापेल या काळजीनं वन्सं तो घेऊन दारात उभ्या राहिल्या.

चष्मा माझ्या हातात दिला. वळल्या. तेवढ्यात घड्याळवाल्यांनी, आल्या पाहुण्या म्हणून, त्यांना अदबीनं डोंगरापुढं नेलं.

वन्संनी चित्राकडे बघितलंच नाही. शिवणारी बाई आधी जे करते तेच त्यांनी केलं, कोपरा उलटून मागचे टाके बघितले. मग पुढचं कापड चिमटीत धरलं. कोटाला कसरीनं पाडलेलं भोक त्यांनी स्वतः रफू केलं होतं, ते नेमकं कपाळावर आलं होतं. त्यांचं बोट तिथं थांबलं. मग त्या दोन पावलं मागं सरल्या आणि वरपासून खालपर्यंत बघितलं. मी कात्री खाली ठेवली.

"तोंड उघडं टाकून झोपते ते मला माहीत आहे," वन्सं म्हणाल्या. "सगळेच झोपतात. पण गाल उलट्या बाजूनं लावलास?"

सुलटी बाजू भडक होती, असं मी काहीतरी पुटपुटले.

"चार माणसांत मला उलटी टांगलीस. लोक म्हणतील, या घरात कापडाची सुलटी बाजूही कुणाला कळत नाही."

घड्याळवाले गोंधळले. "म्हणजे हा डोंगर नाही?"

"डोंगराला चामखीळ असते का हो?"

त्यांनी वाकून काळी गाठ निरखली. "मी त्याला गिर्यारोहक समजत होतो," ते म्हणाले.

मालकीणबाई मागं वळून तागे सारखे करू लागल्या. त्यांचे खांदे हलत होते. वन्सं मात्र हसल्या नाहीत. गुडघे दुखतात, जरा टेकते, म्हणून भिंतीलगतच्या खुर्चीत बसल्या, बरोबर गोधडीच्या खाली. मी पाणी दिलं. त्यांनी पेला घेतला, माझ्याकडे बघितलं नाही. झालं, मी मनात म्हटलं, आता मनीला कामाला लावा.

थोड्या वेळानं त्यांची मान मागं गेली आणि तोंड उघडलं.

त्यानंतर जो येई तो आधी वर बघे, मग खाली, मग पुन्हा वर. कुजबुज वाढली. मालकीणबाईंनी हळूच जाऊन माझी चिठ्ठी काढून घेतली. वन्सं जाग्या झाल्या तेव्हा त्यांच्यासमोर अर्धगोल करून माणसं उभी होती. त्यांना वाटलं, शिवण बघायला आलेत. त्यांनी पदर सारखा केला आणि सगळ्यांना बजावून सांगितलं की टाके बरे आहेत, ते त्यांनीच हिला शिकवलेत. तो गाल तेवढा हिच्या अकलेचा.

घरी परतताना रस्ताभर त्या बोलल्या नाहीत. मी चालत होते आणि प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी वाटायचं, आता बोलतील. दार उघडलं. मनी पुढं आली, शेपूट वर करून आमच्या मधोमध बसली, आपलं काम तिला ठाऊक असल्यासारखी. वन्संनी तिच्याकडे बघितलं.

"सर बाजूला," त्या तिला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "तिथलं आटपलं की ती घरी आण. भिंतीला थंडी वाजत नाही, मला वाजते."

गाल उसवून सुलटा करायचा असं ठरलं होतं, पण अजून त्यांना वेळ मिळालेला नाही. तोवर ती गोधडी त्या चित्राची बाजू आत करून पांघरतात. घड्याळवाले दुकानात आले की अजूनही डोंगराची खुशाली विचारतात. मी सांगते, बरा आहे, रात्री जरा घोरतो.