खिडकीखालचा रिव्हर्स

बाबांनी स्कूटरची किल्ली खिशातून काढली आणि जेवणाच्या टेबलावर, माऊच्या पुढ्यात ठेवली.

“घे बाई. संपली आमची ड्रायव्हरकी.”

माऊने पहाटेपासून मनातल्या मनात भाषण जुळवलं होतं. बाबा, रागावू नका. बाबा, तुमच्या भल्यासाठीच. त्यातलं एकही वाक्य वापरावं लागलं नाही. त्यापेक्षा भांडले असते, आदळआपट केली असती, तर बरं झालं असतं. समोरच्या खुर्चीवर उशी, उशीवर लेकीचा, भिंगरीचा प्लास्टरमधला पाय, आणि भिंगरी त्या प्लास्टरवर रंगीत खडूने मासे काढण्यात गुंग. चार वर्षांच्या पोरीला दुखणंही किती पटकन विसरता येतं!

“तू ओरडलीस ते बरोबरच होतं गं,” बाबा म्हणाले. “मीच धरून ठेवलं. सोडायचं होतं.”

आख्खी हयात बस चालवलेल्या बाबांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिल्यावर ही स्कूटर घरात आली. स्कूटर म्हणायची, पण होती ती चार चाकांची, बॅटरीवर पळणारी खुर्चीच. पुढे टोपली, हँडलवर वेगाचं गोल बटण; त्याच्या एका बाजूला कासवाचं चित्र, दुसऱ्या बाजूला सशाचं. दुकानातला माणूस शिकवायला आला तेव्हा माऊ हाताची घडी घालून शेजारीच उभी राहिली होती. लहानपणी मांजरासारखी कोपऱ्यात बसून सगळ्यांवर नजर ठेवायची म्हणून तिचं नाव माऊ पडलं, आणि आई झाल्यापासून तर तिची नजर दुपटीने तेज झाली होती.

“काका, सगळा खेळ या दोन पट्ट्यांचा,” तो माणूस सांगत होता. “उजव्या अंगठ्याने दाबली की पुढे, डाव्याने दाबली की मागे. सोडली की थांबली. पायात ब्रेक नाही. आता सांगा, अचानक कोणी आडवं आलं तर काय करायचं?”

“हॉर्न द्यायचा आणि त्याच्या बापाचा उद्धार करायचा,” बाबा म्हणाले.

“सोडायचं, काका! हात उचलायचा.”

“अहो, घाबरला की माणूस धरतो. सोडतो कुठे?”

“म्हणून तर सवय करायची. उतारावर कायम कासव. फुटपाथवरून उतरताना सरळ, तिरकं अजिबात नाही. नातीला मांडीवर घ्यायचं नाही, कितीही रडली तरी. आणि मागे घेताना मान वळवून बघायचं. मान वळत नसेल, तर मागे घ्यायचंच नाही.”

बाबांची मान वळत नव्हती. माऊने दुसऱ्याच दिवशी दोन्ही बाजूंना आरसे बसवून घेतले आणि त्यावर समाधान मानलं. आरशात मोठी माणसं दिसतात. भिंगरीएवढी दिसत नाहीत, हे तिला कळायला वेळ लागला.

बाबांची एकच फेरी असायची. पुढच्या गल्लीच्या टोकाला शुश्रूषागृह होतं, तिथे तळमजल्यावर आई. आईला आता काहीच आठवत नसे. माऊला ती नर्स समजायची, बाबांना कधी डॉक्टर, कधी बिल वसूल करायला आलेला माणूस. तरी बाबा रोज दुपारी तिला सूप पाजायला जायचे आणि ती त्यांच्या हातून मुकाट्याने प्यायची. माऊला वाटायचं, चला, एवढं तरी त्यांच्या हातात उरलंय.

तिला कोडं पडायचं ते एकाच गोष्टीचं. फाटकातून दारापर्यंत सरळ, सपाट रस्ता असताना बाबा अंगण ओलांडून पलीकडे जायचे, स्कूटर फिरवायचे आणि पी-पी-पी करत उलटी, थेट आईच्या खिडकीखाली आणून लावायचे.

“उलटं कशाला बाबा? सरळ जा ना दारापर्यंत!”

“गाडीचं तोंड बाहेर असावं. निघताना बरं पडतं.”

“तुम्हाला कुठे पळायचंय?”

“काय नेम? तुझी आई हाकलून द्यायची.”

मागच्या आठवड्यात माऊही भिंगरीला घेऊन बरोबर गेली होती. बाबा स्कूटर उलटी घेत होते आणि फाटकाची कडी लावायला ती वळली, एवढंच निमित्त. भिंगरीच्या डोक्यावरची टोपी वाऱ्याने उडाली आणि ती टोपीमागे धावली. पी-पीचा आवाज तिच्या सवयीचा. त्या आवाजावर ती घरी नाचायची. माऊ किंचाळली, “बाबा!” आणि बाबांनी दचकून दोन्ही मुठी गच्च आवळल्या. डावा अंगठा पट्टीवर तसाच. सोडली असती तर जागच्या जागी उभी राहिली असती ती गाडी. भिंतीलगतच्या कठड्यात आणि चाकात तो एवढासा पाय सापडला.

हाड जुळेल, असं डॉक्टर म्हणाले. स्कूटर तिथेच, शुश्रूषागृहाच्या अंगणात, छपराखाली राहिली. आणि आता किल्ली टेबलावर होती.

“मी नेईन तुम्हाला रोज,” माऊ म्हणाली. “ढकलायच्या खुर्चीतून.”

“म्हणजे आता मी प्रवासी,” बाबा म्हणाले. हसायचा प्रयत्न केला, पण तो काही जमला नाही.

भिंगरीजवळ नवऱ्याला बसवून माऊ त्यांना घेऊन गेली. बाबांची चाकाची खुर्ची आईच्या पलंगाशी लावली, सुपाचा वाडगा त्यांच्या हातात दिला. बाबांनी चमचा पुढे केला. आईने तोंड फिरवलं.

“घे ना थोडं,” बाबा म्हणाले.

“ते आले की घेईन.”

“अगं, मीच आहे.”

आईने त्यांना खालून वर न्याहाळलं. “तुम्ही बसा हो. ते येतीलच.”

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही सूप गार होऊन परत गेलं. आईच्या हाताच्या शिरा वर आल्या होत्या. तिचं सगळं करणाऱ्या मावशी चादर बदलता बदलता म्हणाल्या, “ताई, ती पी-पी वाजत नाही ना आता. ती वाजली की आजी म्हणायच्या, ‘आले.’ मग कोणीही भरवा, खायच्या. आजोबांना ठाऊक आहे की!”

माऊने बाबांकडे पाहिलं. बाबा वाडग्यात बघत होते.

आणि मग तिला जुनं घर आठवलं. बसच्या शेवटच्या थांब्यासमोरचं. रस्ता तिथे संपायचा, म्हणून बाबांना बस फिरवताना उलटी घ्यावी लागायची आणि तिचा पी-पी आवाज थेट स्वयंपाकघरात यायचा. हातातलं काम टाकून आई गॅस पेटवायची आणि म्हणायची, “आले.”

“तुम्ही मला सांगितलं का नाहीत बाबा?”

“काय सांगू?” बाबा हळूच म्हणाले. “की तिला मी ओळखू येत नाही, गाडी येते?”

पर्स उचलून माऊ बाहेर अंगणात आली. छपराखाली स्कूटर होती. मागच्या चाकाच्या कडेला भिंगरीच्या बुटाचा लाल रंग अजून घासलेला. तिने तो अंगठ्याने घासून पाहिला; निघाला नाही. तरी ती बसली. पर्समधली किल्ली लावून फिरवली, बटण कासवावर आणलं. अंगण ओलांडून स्कूटर फिरवली. मग मान वळवून उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं, पुन्हा उजवीकडे. कोणी नव्हतं. तिला भरवसा वाटेना; ती उतरली, मागे जाऊन रिकामी जमीन बघून आली आणि पुन्हा बसली. डाव्या अंगठ्याने पट्टी अलगद दाबली.

पी-पी-पी.

खिडकी उघडी होती. आतून आईचा आवाज आला, कितीतरी दिवसांनी एवढा स्वच्छ.

“आले!”

माऊने मान मागेच ठेवली होती, म्हणून तिला आतलं सगळं दिसलं. आई उशीवरून उठून बसली होती. केस सारखे करत होती.

“मावशी, द्या ते सूप, गार नका करू,” ती म्हणाली. आणि बाबांकडे वळली. “अहो, तुम्ही जरा बाजूला होता का? त्यांना बसायला जागा लागेल.”

बाबांनी वाडगा मावशींच्या हातात दिला. खाली वाकून खुर्चीचा ब्रेक काढला. मग, वळत नसलेली मान वळेल तेवढी वळवून, त्यांनी मागे कोणी नाही ना ते पाहिलं, आणि पलंगापासून हळूहळू, भिंतीपर्यंत मागे गेले.

आईने मावशींच्या हातून पहिला चमचा घेतला. तिचे डोळे दाराकडे लागले होते.

अंगणात स्कूटर खिडकीखाली थांबली होती; माऊचा अंगठा मात्र, दाब सोडूनही, अजून पट्टीवर होता.